तुम्ही विचारलंत म्हणून: दगडूच का?

माझं नाव दगडू. "एवढा शिकलास, गॅझेट करून नाव बदलून टाक ना एकदा." हे मला ऑफिसात सांगून झालंय, लग्नाच्या पंगतीत सांगून झालंय, परवा रक्त तपासायला गेलो तर सुई टोचता टोचता तिथल्या पोरीनेही सांगितलं. आधी 'खरं नाव हेच?', मग हसू दाबणं, मग दगडूशेठवरचा तो एक विनोद जो प्रत्येकाला वाटतं आपणच पहिल्यांदा केला. तर एकदाच लिहून टाकतो.

माझ्या आधीची दोन गेली. एक अकरा दिवसांचं, दुसरं वर्षाचं व्हायच्या आत. म्हणून मी झाल्यावर आत्यानं मला उकिरड्यावर ठेवलं, 'टाकलेलं पोर सापडलं' म्हणून उचललं आणि आईनं पसाभर ज्वारी देऊन मला तिच्याकडून विकत घेतलं. नाव दगडू, म्हणजे सटवीला म्हणा नाहीतर कुणालाही, न्यायला यावं असं काही वाटू नये. केरू, भिकाजी, कोंडीबा ही सगळी याच खात्यातली. अडाणीपणा म्हणता ना? जपानचा हिदेयोशी, अख्खा देश मुठीत होता त्याच्या, १५८९ साली मुलगा झाला तर लहानपणीचं नाव ठेवलं 'सुते', म्हणजे टाकलेला. तो १५९१ मध्ये गेलाच. १५९३ ला दुसरा झाला त्याचं नाव 'हिरोई', उचलून आणलेला. आमच्या आत्यानं वेगळं काय केलं? तुर्की लोकांत 'दुर्सुन' असतं, 'राहू दे' म्हणून. नायजेरियातल्या योरुबांमध्ये 'कोकुमो', म्हणजे आता हा मरणार नाही.

हे सगळं वाचलं ते नंतर. अठराव्या वर्षी यातलं काही माहीत नव्हतं आणि असतं तरी उपयोग नव्हता.

१९९६ ला पुण्यात हॉस्टेलला आलो तेव्हा पहिल्याच दिवशी कुणीतरी नाव विचारलं आणि मी 'दीपक' म्हणालो. ठरवून नाही, द पर्यंत आलो होतो आणि पुढचं असं निघालं. मग खोलीच्या दारावर खडूनं तेच. दिवाळीच्या आधी आई न कळवता बार्शीहून एसटीनं आली, धपाटी आणि शेंगाचटणीचं गाठोडं घेऊन, आणि गेटवर दगडू कुठं राहतो विचारायला लागली. वॉचमन म्हणाला असा कुणी नाही इथं, दगड आहे तो बघा, त्यावर बसा. ती बसली. दुपारी एक ते साडेचार. मी चौघांबरोबर हसत खिदळत येत होतो, ती उठून उभी राहिली, तोंड उघडलं तिनं, तेवढ्यात बरोबरचा एक जण म्हणाला, "दीपक, तुझ्याकडे आल्यात का या?" आईनं माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "व्हय, दीपककडंच आलेय." जीभ अडखळली तिची, पण म्हणाली. मी काही बोललो नाही. गाठोडं घेतलं फक्त.

स्वारगेटला सोडायला गेलो तर ती रागावेल म्हणून मी वाटच बघत होतो. गाडी लागली तेव्हा खिडकीतून हळूच म्हणाली, "दीपक म्हंजी दिवाच न्हवं?" मी हो म्हणालो. मग ती काहीच बोलली नाही, पदराचं टोक चावत बसली, गाडी निघेपर्यंत.

परत जाऊन दारावरचं पुसलं असं सांगायला आवडलं असतं. तीन वर्षं तसंच होतं.

आमचा एक मित्र आहे चळवळीतला, तो म्हणतो तू भावूक होतोयस, हे नाव प्रेमानं नाही, उतरंडीनं दिलंय. मनुस्मृतीत दुसऱ्या अध्यायात लिहिलेलंच आहे, ब्राह्मणाचं नाव मंगल असावं आणि शूद्राचं जुगुप्सित, किळसवाणं. आईनं मनूचं नाव ऐकलं नव्हतं हो. पण मग मीच मला विचारतो, धोंडा तर महर्षी कर्व्यांच्या नावातही होता, तिकडे 'धोंडो' आणि आमच्या आळीत 'धोंड्या', हे कुणी ठरवलं? सटवीनं तर नाही. यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि मित्राकडेही आईच्या त्या अकरा दिवसांचं उत्तर नाही. आणि हो, पोरीचं नाव मी नेटवर अर्थ बघून ठेवलं, धोंडी नाही ठेवलं, तेही मान्य.

राहिलं गॅझेट. अर्ज बायकोनं दोनदा भरलाय. दोन्ही वेळा नवीन नावाच्या रकान्यापाशी भांडण झालं. तिला दीपक आवडतं.