तुम्ही विचारलंत म्हणून: पुण्याच्या पेपरचं राष्ट्रीय चॅनेल का नाही?

हा प्रश्न मला वर्गात विचारतात, सोसायटीच्या गणपतीत विचारतात, लग्नाच्या पंगतीत तर हमखास. पेपरच्या डेस्कवर बरीच वर्षं काढलेला आणि मधे मुंबईला एका चॅनेलमध्ये जाऊन आलेला माणूस सापडला की त्याला सोडायचं नाही, असा आपल्याकडे रिवाज आहे. प्रश्न साधारण असा: "कोलकात्याच्या पेपरवाल्यांनी हिंदी चॅनेल चालवलं, कानपूरच्यांनी काढलं, तेलुगू पेपरवाल्यांनी तर आपल्यालाच मराठी चॅनेल दिलं. मग आपल्या पुण्याच्या पेपरवाल्यांना काय धाड भरली होती?" विचारणाऱ्याकडे उत्तरही तयार असतं. मराठी माणूस धंद्यात कच्चा, उडी मारायला घाबरतो, वगैरे. तेवढ्यात जिलबी येते आणि माझं उत्तर राहून जातं. ते इथे देतो.

पहिलं म्हणजे, पुण्याच्या पेपरनं चॅनेल काढलेलं आहे. डॉ. ना. भि. परुळेकरांनी १ जानेवारी १९३२ ला पुण्यात सुरू केलेल्या 'सकाळ'च्या समूहाचं 'साम' २००८ मध्ये आलं. त्याच वर्षी नागपूरच्या 'लोकमत'नं नेटवर्क १८ च्या भागीदारीत 'आयबीएन-लोकमत' काढलं. दोन्ही मराठी. तुमचा राग आहे तो राष्ट्रीय, म्हणजे खरं बोलायचं तर हिंदी, चॅनेल काढलं नाही याचा.

तर ज्यांनी ते केलं त्यांचं काय झालं बघा. आनंदबाजार पत्रिका हा १९२२ पासूनचा बंगाली पेपर. त्यांनी हिंदी चॅनेल शून्यातून उभं केलं असा सगळ्यांचा समज. तसं नाही. 'स्टार न्यूज' आधीपासून चालूच होतं. २००३ मध्ये सरकारनं बातम्यांच्या चॅनेलमधल्या परदेशी भांडवलाला २६ टक्क्यांची मर्यादा घातली, आणि परदेशी मालकीच्या स्टारला उरलेल्या ७४ टक्क्यांसाठी देशी भागीदार शोधणं भाग पडलं. तो भागीदार आनंदबाजार. २०१२ मध्ये स्टारनं आपलं नाव काढून घेतलं, तेव्हा कुठे पडद्यावर 'एबीपी' ही अक्षरं आली. आपला 'माझा' त्याच घरातला: २००७ मध्ये 'स्टार माझा', २०१२ पासून 'एबीपी माझा'. सदाशिव पेठेतल्या दिवाणखान्यात संध्याकाळी लागणारं चॅनेल एका बंगाली पेपरच्या मालकांचं आहे, हे सांगितलं की अजूनही लोक माझ्याकडे संशयानं बघतात.

कानपूरच्या 'दैनिक जागरण'ची गोष्ट जास्त बोलकी आहे. वाचकसंख्येत देशात अव्वल पेपर, हिंदी पट्टा म्हणजे घरचं अंगण. त्यांनी २००५ मध्ये 'चॅनल ७' काढलं. पुढच्याच वर्षी सूत्रं दुसऱ्यांकडे गेली आणि त्याचं 'आयबीएन ७' झालं, मग २०१६ मध्ये 'न्यूज १८ इंडिया'. ज्यांची भाषाच हिंदी, त्यांची ही गत.

हिशेबानं चालले ते तेलुगू 'ईनाडू'चे मालक रामोजी राव. पेपर १९७४ चा, 'ईटीव्ही' १९९५ चं, 'ईटीव्ही मराठी' २००० चं. एकच चॅनेल साऱ्या देशाच्या गळ्यात मारण्याऐवजी त्यांनी भाषेगणिक वेगळं चॅनेल काढलं. मराठी बातम्या हैदराबादजवळच्या फिल्म सिटीत तयार व्हायच्या आणि आपल्याकडची पोरं बाडबिस्तरा घेऊन तिकडे नोकरीला जायची. पुढे तेही विकलं गेलं, २०१५ मध्ये त्याचं 'कलर्स मराठी' झालं. पण कल्पना शहाणपणाची होती.

आता पैशाचं. लोकांना वाटतं चॅनेलचा पैसा कॅमेरे, स्टुडिओ आणि अँकरच्या कोटांवर जातो. जातो ना. सरकारही परवाना देताना ऐपत बघतं. २०११ च्या नियमांप्रमाणे बातम्यांच्या पहिल्या चॅनेलसाठी कंपनीचं नेटवर्थ २० कोटी लागायचं. पण रक्त आटायचं ते केबलवर. पुण्यात सेट टॉप बॉक्सच्या सक्तीची मुदत ३१ मार्च २०१३ होती. त्याआधीची केबल आठवा. खालच्या नंबरांवर चित्र स्वच्छ, वर जावं तशा मुंग्या, आणि जुन्या टीव्हीला वरचे नंबर पकडताच यायचे नाहीत. म्हणून चॅनेलवाले केबल कंपन्यांना पैसे मोजायचे. चॅनेल दाखवण्याचे वेगळे, ती कॅरेज फी. चांगला नंबर देण्याचे वेगळे, ती प्लेसमेंट. मराठी चॅनेलला मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर सांभाळलं की बरंचसं भागायचं. हिंदीवाल्यांची यादी दिल्ली, लखनौ, जयपूर, पाटणा, इंदूर अशी लांबतच जायची, आणि ती दरवर्षी नव्यानं. पैसे थकले की चॅनेल रातोरात मुंग्यांच्या मुलखात. पुढे डीडी फ्री डिशवर, म्हणजे दूरदर्शनच्या फुकटच्या डिशवर, जागांचे लिलाव सुरू झाले, तिथेही आकडे कोटींतच.

पेपरलाही विक्रेत्याचं कमिशन द्यावं लागतं, पहाटे लाइन टाकणाऱ्या पोरांची सोय बघावी लागते. पण महिनाअखेर वाचक बिल देतो. बातम्यांच्या चॅनेलला प्रेक्षकाकडून नावापुरतं मिळतं, सगळा भार जाहिरातींवर. आणि जाहिराती कोणाच्या? पुण्याच्या पेपरचं पोट भरतं लक्ष्मी रोडवरचे साडीवाले, सराफ, बिल्डर, क्लासवाले आणि छोट्या जाहिरातींवर: कोथरूडला मुलींसाठी पेइंग गेस्ट, ऑर्डरप्रमाणे उकडीचे मोदक, टेंडर नोटिसा, दशक्रिया विधी. यातल्या कोणालाही पाटण्याचा प्रेक्षक नको आहे. फुकट दिला तरी नको. म्हणजे पेपरनं वर्षानुवर्षं जोडलेलं गिऱ्हाईक हिंदी चॅनेलच्या एका पैशाच्या उपयोगाचं नाही. माझ्या मते सगळं उत्तर इथेच आहे, बाकीचं पंगतीपुरतं.

माणसांचंही तसंच. पेपरची खरी मिळकत म्हणजे तालुक्यातलं बातमीदारांचं जाळं. मुंबईच्या त्या चॅनेलमध्ये एकदा जुन्नर भागातला एक बातमीदार फोनवर घेतला होता. उसात बिबट्या, वस्तीवर हल्ला. आमच्या शेजारच्या हिंदी डेस्कलाही तो हवा झाला. हा गडी सांगतोय की ऊसतोड सुरू झाली की मादी पिल्लांना घेऊन उघड्यावर येते, पिंजरा कुठल्या बांधाला लावलाय, वन खात्याची गाडी माणिकडोहहून निघाली. हिंदीत सांगताना त्याची त्रेधा उडत होती, तरी तपशील एकही सोडत नव्हता. पलीकडून एकच प्रश्न, पुन्हा पुन्हा: "आदमखोर है ना?" तो म्हणाला, "साहेब, तसं अजून वन खात्यानं म्हटलं नाही." फोनवरची मुलाखत कापली. पट्टीवर 'आदमखोर' तेवढं गेलं. दुसऱ्या दिवशी त्याची पूर्ण बातमी त्याच्या पेपरच्या तालुका पानावर, बांधासकट.

माळीणचं तर सगळ्यांनी पाहिलं. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं ते गाव डोंगराखाली गेलं, आणि गाव जागेवर नाही हे आधी लक्षात आलं एसटीच्या ड्रायव्हरच्या. सगळ्या राष्ट्रीय चॅनेल्सच्या व्हॅन तिथे पोचल्या, आणि त्या पोचायलाच हव्या होत्या. पण पुनर्वसनाची जागा, घरांचं काम, २०१७ मध्ये राहायला गेल्यावर पहिल्याच पावसात खचलेले रस्ते, याचा पाठपुरावा करायला दिल्लीच्या रनडाउनमध्ये, म्हणजे बातम्यांच्या क्रमयादीत, जागा कुठून असणार? पुण्याच्या मालकाचं हिंदी चॅनेल असतं तरी नसतीच. टीआरपीवाल्यांच्या नकाशात दक्षिणेतली राज्यं सोडली की उरलेला देश ही 'हिंदी भाषक बाजारपेठ', आणि महाराष्ट्र तिच्यातच धरलेला. जाहिरातदाराच्या लेखी पुणं हिंदीत आधीच जमा आहे. त्यासाठी वेगळं पुणेरी हिंदी चॅनेल कशाला पोसायचं? काढलंच असतं तरी चॅनेल आपलं, पण ऑफिस दिल्लीशेजारच्या नोएडाला. आणि पुण्याचा नंबर लागणार मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला पोर्श गाडीनं दोघांचा जीव घेतला, तसलं काही घडलं तरच.

यावर कोणीतरी टिळकांना मधे आणतंच. १८८१ मध्ये पुण्यातून मराठी 'केसरी' आणि इंग्रजी 'मराठा' दोन दिवसांच्या अंतरानं निघालेच ना? निघाले. 'केसरी'चे संपादक आगरकर, 'मराठा'चे टिळक. परप्रांतीयांशी आणि सरकारशी बोलायला वेगळं पत्र हवं, हे त्यांना बरोबर कळलं होतं. पण दुसऱ्या गावी अंक पोचवायला टपालाचा खर्च पुरे होता. पहिल्या दहा नंबरांत बसवतो म्हणून कोणी वर्षाला पैसे मागत नव्हतं.

आता यूट्यूबमुळे कॅरेज फीचा प्रश्नच नाही, मग काढा की हिंदी, असं पोरं म्हणतात. पोचवण्याचा खर्च गेला हे खरं, पण लक्ष्मी रोडवाल्याला पाटणा अजूनही नकोच आहे. कोल्हापूरच्या 'पुढारी'नं २०२३ मध्ये स्वतःचं न्यूज चॅनेल काढलं. तेही मराठीच.