यादीतला पत्ता आणि बंद गेट

अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे एए, ही दारू सोडू पाहणाऱ्यांची संस्था. तिच्या मीटिंगला पैसे लागत नाहीत, फॉर्म नसतो, आधारकार्ड कोणी मागत नाही. सगळं खरं. पण ती भरते कुठे हे कळेपर्यंत जो वैताग होतो, त्याबद्दल मला कोणी सांगितलं नव्हतं.

डॉक्टर, गोळ्या, ॲडमिट होणं यात फार अडलं नाही. डिस्चार्जच्या वेळी समुपदेशक मॅडमनी मुंबई उपनगरांतल्या मीटिंगची यादी हातात ठेवली. झेरॉक्सची झेरॉक्स काढून अर्धी अक्षरं उडालेली. "घराजवळची कुठलीही गाठा, पण आजच जा," म्हणाल्या. आमच्या भागापुढे लिहिलं होतं : महापालिका शाळा, तळमजला, संध्याकाळी सात, मराठी-हिंदी.

सातच्या जरा आधी पोचलो. गेटला कुलूप, आत अंधार. बोर्ड नाही, बाण नाही, साधा चिकटवलेला कागद नाही. नाक्यावर मात्र 'सरकारमान्य देशी दारूचे दुकान' हातभर अक्षरांत, ट्यूबलाइटच्या उजेडात. त्यांना झेरॉक्स वाटावी लागत नाही. नुकतीच सोडलेल्या माणसाला ऐन सातच्या ठोक्याला अशा जागी ताटकळत ठेवायचं म्हणजे काय, हे यादी वाटणाऱ्यांनी एकदा येऊन बघावं.

वॉचमनने हटकलं, "काय पाहिजे?"

आता काय सांगणार? संस्थेच्या नावातच 'अनॉनिमस', म्हणजे निनावी. म्हटलं, "मीटिंग होती."

"पालकसभा? ती शनिवारी. कितवीत आहे मुलगा?"

"सातवीत," असं बोलून गेलो. माझा मुलगा कॉलेजात आहे.

यादीवर दोन फोन नंबर होते. एक बंद. दुसरा एका बाईंनी उचलला, "ते आता इथे राहत नाहीत," म्हणाल्या आणि ठेवला. केंद्र सरकारची १४४४६ ही टोल-फ्री नशामुक्ती हेल्पलाइन आहे, तीही लावली. माणूस चांगला बोलला, जवळचं उपचार केंद्र सांगितलं. पण आमच्या गल्लीतली मीटिंग कुठे गेली हे त्याला कुठून कळणार? हॉस्पिटलात विचारलं तर, "यादीत आहे ना? मग असेल," हे उत्तर. यादी शेवटची कधी तपासली, असं विचारल्यावर मॅडम दुसऱ्या पेशंटकडे वळल्या.

पुढच्या आठवड्यात पुन्हा गेटवर गेलो. तेच कुलूप. या वेळी डोकं फिरलं होतं. वॉचमनला सरळ विचारलं, "दारू सोडणाऱ्यांची मीटिंग इथेच भरायची ना?"

"बेवड्यांची? ती हलली की! शाळेचं काम निघालं तेव्हापासून मागच्या गल्लीत, समाजमंदिरात. त्या दिवशीच नीट विचारायचं ना साहेब."

म्हणून सांगतो, लाजू नका. शाळेचा वॉचमन, चर्चचा शिपाई, कोपऱ्यावरचा चहावाला, यांना सगळं ठाऊक असतं. तुम्ही लपवताय ते फक्त तुमच्या समाधानासाठी.

मीटिंग तासाभराची. प्लास्टिकच्या खुर्च्या, कटिंग चहा. प्रत्येक जण "मी अमुक, मी अल्कोहोलिक आहे" म्हणून सुरुवात करतो, आडनाव कोणी सांगत नाही. मी खोटं नाव सांगितलं, तेही चाललं. शेवटी पैशांची पिशवी फिरते, कारण एए बाहेरच्यांकडून देणगी घेत नाही. नवीन माणसाने त्यात काही टाकायलाच हवं असं नाही. मी नोट काढली तर शेजारच्या काकांनी हात धरला, "तुम्ही आधी पुढच्या वेळी या."

तिथेच कळलं की एएचा उगमही असाच शोधाशोधीतून झाला. १९३५ साली बिल नावाचा न्यूयॉर्कचा शेअरबाजारातला माणूस अॅक्रन गावी हॉटेलात एकटा होता. जवळच बार. प्यायची तलफ आली म्हणून त्याने लॉबीत लावलेली चर्चची यादी बघून फोन लावायला घेतले, आपल्यासारखा कोणी बोलायला मिळतो का म्हणून. त्यातून त्याला बॉब नावाचा पिणारा सर्जन भेटला. ऐकून मला पहिल्यांदा वाटलं ते हे, की त्याची यादी चालू होती!

एक राहिलंच, आणि हे खरं तर आधी सांगायला हवं. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने मीटिंगच्या जोशात एका दिवसात दारू तोडू नये. फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टर. भाषाही बघून घ्या. मुंबईत इंग्रजी ग्रुप आहेत, हिंदी आहेत, मराठी आहेत. मनातलं ज्या भाषेत निघतं तिथे जा.

आणि 'ओपन' की 'क्लोज्ड' हे विचारा. क्लोज्ड मीटिंग फक्त पिणाऱ्यांसाठी असते, घरचे बाहेर. माझ्या बायकोला बाकावर बसावं लागलं आणि ती भडकली. घरच्यांसाठी अल-अनॉन नावाची वेगळी मीटिंग असते. तिचा पत्ता मिळाल्यावर बायकोने आधी फोन केला, "आजही तिथेच आहे ना?" विचारलं, आणि मगच रिक्षा केली.