गुरूचे चंद्र, तिसरा महिना : चौथा ठिपका मी मनानेच काढत होते

मागचा अपडेट टाकला आणि लगेच दहा-बारा दिवस ढग, त्यामुळे या महिन्यात रात्री फार मिळाल्याच नाहीत. सेटअप तोच, १०×५० दुर्बीण, गच्चीवरून गुरूचे चार मोठे चंद्र बघायचे आणि वहीत ठिपके काढायचे. हात थरथरण्यावर मात्र शेवटी जुगाड सापडला, झाडूचा लांब दांडा जमिनीवर टेकवायचा आणि वरच्या टोकावर दुर्बीण धरायची. ट्रायपॉडची सर नाही पण ठिपके नाचायचे थांबतात. ज्यांना आयो (चौघांतला गुरूच्या सगळ्यात जवळचा चंद्र) अजून दिसला नाही त्यांनी आधी हे करून बघा, तो गुरूला इतका चिकटून असतो की जरा हात हलला की झगझगाटात गायब.

बाकी या महिन्यात सांगण्यासारखं एकच. शेजारच्या काकू रात्री गच्चीवर फेऱ्या मारायला येतात. "काय गं, आज पण?" याच्या पुढे आमचं बोलणं नव्हतं, आणि खरं सांगू का, त्या आल्या की माझं डोकंच फिरायचं, कारण मोबाईलचा टॉर्च थेट तोंडावर, म्हणजे डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला लागलेली वीस-पंचवीस मिनिटं पाण्यात. (गुरू बघायला तेवढ्या अंधाराची गरज नसते म्हणा, पण चिडायला कारण पुरतं.)

एका रात्री त्यांनी विचारलं, मी पण बघू का. दिली दुर्बीण, वर मोठ्या तोऱ्यात सांगितलं की बाजूला एका रेषेत चार चंद्र दिसतील. खूप वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "अगं मला तीनच दिसतायत." म्हटलं काकू, जरा स्थिर धरा, फोकस फिरवा. परत तेच, "तीनच आहेत गं." मी वहीत चार काढून मोकळी झालेले.

खाली येऊन स्टेलेरियममध्ये (आकाशाचा नकाशा दाखवणारं ॲप) वेळ टाकून बघितलं तर आयो गुरूच्या मागे. तीनच होते!

मग मागची सगळी स्केचेस काढून बसले, अकरांपैकी चारमध्ये मी असा एखादा ठिपका घुसडलाय जो तेव्हा दिसणं शक्यच नव्हतं. मुद्दाम नाही हो, पण चार असतात हे माहीत होतं ना, मग डोळ्याला कोण विचारतंय. गॅलिलिओने ७ जानेवारी १६१० ला पहिल्यांदा बघितलं तेव्हा त्यालाही तीनच दिसले होते, त्याने तीनच काढले, चौथा त्याला १३ तारखेला सापडला. हे मी कितीतरी वेळा वाचलेलं, कौतुकाने दुसऱ्यांना सांगितलेलंसुद्धा.

आता पद्धत बदललीय. आधी स्केच, खाली वेळ, आणि ॲप दुसऱ्या दिवशी सकाळीच उघडायचं. काकूंचा कागद वेगळा, एकमेकींचं आधी बघायचं नाही. त्यांचे ठिपके केवढे मोठे असतात, पण अंतरं माझ्यापेक्षा बरोबर येतात, हे कबूल करायला मला आठवडा लागला. टॉर्चवर त्यांनी स्वतःच लाल जिलेटीन पेपर चिकटवलाय, डोळे दिपू नयेत म्हणून.

पुढचं टार्गेट कॅलिस्टोची (चौघांतला सगळ्यात लांबचा चंद्र) गुरूभोवती एक पूर्ण फेरी, जवळजवळ १७ दिवस. मधल्या तीन रात्री मी घरी नसेन, तेव्हा दुर्बीण आणि दांडा काकूंकडे. त्यांनी आत्ताच बजावून ठेवलंय, ढग असले तर "ढग" एवढंच लिहिणार, अंदाजाने काही काढणार नाही.