गार्डा सरोवर, चार दिवस : फॉइलवरची पहिली कोरडी जाइब

ही इटलीतल्या गार्डा सरोवरावरच्या विंडसर्फिंगची गोष्ट. फॉइल म्हणजे बोर्डखाली खांबाला लावलेला पाण्यातला पंख, वेग आला की तो बोर्डला पाण्याच्या वर उचलतो. आधी सेटअप सांगते, म्हणजे ज्यांना स्वतःच्याशी ताडून बघायचंय त्यांना सोपं जाईल. बोर्ड १३० लिटर, रुंदी ८५ सेंटिमीटर. फॉइलचा मास्ट (खांब) ७५ सेंटिमीटर, पुढचा पंख १७०० चौरस सेंटिमीटर. शीड ५.२ चौरस मीटर. माझं वजन ५८ किलो. फिनवर (खाली साधी उभी पाती असलेल्या बोर्डवर) चार सीझन झालेत, फॉइलवर हा दुसरा. निघताना मनात एकच गोष्ट होती : उडत असताना जाइब (वारा पाठीमागे घेऊन वळणं) घ्यायची आणि पाण्यात न पडता बाहेर यायचं.

आम्ही चौघं म्युनिकहून निघालो. मी, माझी नागपूरची मैत्रीण, तिचा नवरा आणि आमचा सांगलीकर. टपावर तीन बोर्ड, मागे फॉइलच्या पेट्या, पायाशी भडंगाचा डबा. ब्रेनरची खिंड ओलांडून रोव्हेरेतोला उतरलो आणि सान जोव्हान्नीच्या खिंडीतून नागोच्या वळणावर आलो, तेव्हा खाली सरोवराचं उत्तर टोक दिसलं. याच खिंडीतून १४३९ मध्ये व्हेनिसच्या लोकांनी बैल जुंपून अख्खी लढाऊ गलबतं ओढत नेली आणि सरोवराकाठच्या टॉर्बोले गावी पाण्यात सोडली. टपावरचे पट्टे तपासायला गाडी थांबवली होती, तेव्हा सांगलीकराने हे सांगितलं. मग त्या उताराकडे आम्ही बराच वेळ बघत राहिलो.

टॉर्बोलेचा वारा समजून घ्यायचा तर शाळेतला भूगोल आठवा. खारे वारे, मतलई वारे आपण पाठ केलेत. इथे त्यांचे सख्खे भाऊ आहेत, दरीय आणि पर्वतीय वारे. रात्री डोंगर थंड होतात आणि जड हवा उत्तरेकडून सरोवरावर उतरते, तो पेलेर. पहाटेपासून साधारण दहा-अकरापर्यंत वाहतो. दिवसा सार्का नदीचं खोरं तापतं, तिथली हवा वर चढते आणि तिची जागा घ्यायला दक्षिणेकडून वारा आत येतो, ती ओरा. दुपारी बारा-एकला सुरू होते. दोन्ही बाजूंना सरळ कडे असल्यामुळे जसजसं वर यावं तसतसा वारा चिंचोळ्यात दाबला जातो. सकाळी ढग असले तर ओरा मरगळते, हे आम्ही तिसऱ्या दिवशी अनुभवलं.

पहिल्या दिवशी सकाळी साडेसहालाच पाण्यात उतरले आणि इथे माझी चूक झाली. टॉर्बोलेच्या किनाऱ्यावरून पेलेर बाहेर वाहतो. मी वाऱ्यासोबत मजेत खाली गेले, छान उडाले आणि साडेनऊला वारा पडला, एकदम, पंखा बंद केल्यासारखा. शीड बोर्डवर आडवं टाकून पालथी झोपले आणि हातांनी वल्हवत परत आले. खाली पाऊण मीटरचा फॉइल असला की बोर्ड कसा जड चालतो हे त्या तासाभरात खांद्यांना कळलं. सरोवराच्या या ट्रेंटिनो प्रांतातल्या भागात मोटरबोटींना बंदी आहे, त्यामुळे पाणी सुरेख शांत असतं. पण जाता जाता कोणी ओढून नेईल ही आशा धरू नका. नवशिक्यांनी फॉइल ओरामध्येच करावं असं माझं ठाम मत झालंय. ओरा तुम्हाला किनाऱ्याकडेच आणून सोडते.

दुपारी खरा धडा मिळाला. वाऱ्याचा झोत आला की बोर्डचं नाक वर उठायचं, पंख पाण्याबाहेर डोकावायचा, हवा ओढून घ्यायचा आणि बोर्ड धाडकन खाली आपटायचा. असं सात-आठ वेळा झालं. वेग वाढला की पंखाची उचल वेगाच्या वर्गाने वाढते, हे डोक्याला माहीत होतं, पण पायांना नाही. फिनवर चार वर्षं झोत आला की मी मागच्या पायावर रेलत आले. फॉइलवर नेमकं उलटं करायचं असतं. सांगलीकर शेजारून जाताना ओरडला, "पुढच्या पायावर ये गं! आणि हार्नेसमध्ये बस, नीट बस!"

त्या दुसऱ्या वाक्याने काम केलं. हार्नेस म्हणजे शिडाला दोरीने अडकवायचा कमरपट्टा. मी त्याची दोरी अडकवत होते, पण वजन हातांनीच पेलत होते. खुर्चीत बसावं तसं बसल्यावर वजन बूममधून (शिडाच्या आडव्या दांड्यातून), शिडाच्या मास्टमधून त्याच्या बुडाशी उतरतं आणि बोर्डचं नाक तिथेच दाबलं जातं. पाय मोकळे राहतात, फक्त बारीकसारीक दुरुस्तीला. संध्याकाळी मास्टचं बूड आणखी दोन सेंटिमीटर पुढे सरकवलं.

दुसऱ्या दिवशी ओरा बाराला धरली. तिसऱ्या फेरीत बोर्ड उठला आणि खालची थपथप थांबली. मग फॉइलचा बारीक, सलग गुणगुण आवाज, बोर्डखालून सरकणारं हिरवं पाणी आणि डाव्या हाताला माँते ब्रिओनेचा सुळका. मी बोर्डकडे बघणं सोडून त्या सुळक्याकडे बघत राहिले आणि उंची आपोआप स्थिर झाली. घड्याळाने नोंदवलं : बोर्ड एकदाही पाण्याला न टेकता १.४ किलोमीटर, सर्वाधिक वेग १५ नॉट.

तिसरा दिवस ढगाळ होता. नुसतंच पंपिंग, म्हणजे शीड हलवून बोर्ड उचलायचा सराव केला.

चौथ्या दिवशी जाइब. अकरा प्रयत्नांपैकी पहिल्या नऊमध्ये पडले, आणि कारण बहुतेक एकच : शीड पलटायच्या आधीच पाय बदलायची घाई. नागपूरच्या मैत्रिणीने किनाऱ्यावरून काढलेले व्हिडिओ बघून ते लक्षात आलं. ती म्हणाली, "अगं, तू वळायच्या आधीच उभी राहतेस." दहाव्या वेळी वळणात शिरताना गुडघे वाकवले, उंची मुद्दाम कमी ठेवली, नजर बाहेर पडायच्या दिशेला टाकली आणि शीड फिरून हातात येईपर्यंत पाय हलवले नाहीत. बोर्ड एकदा पाण्याला टेकला, तरी चालत राहिला. केस कोरडे! किनाऱ्याजवळ आले तेव्हा तिघंही गुडघाभर पाण्यात उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि मला रडू आलं.

अकराव्या वेळी पुन्हा तेच करायला गेले आणि सपशेल आपटले. हेल्मेट आणि इम्पॅक्ट व्हेस्ट (आपटल्यावर मार झेलणारं जाकीट) घालाच.

पुढचा मुक्काम घराजवळ, वाल्खेनसे सरोवरावर. तिथेही उन्हाच्या दिवशी असाच खोऱ्यातला वारा सुटतो, फक्त पाणी बरंच गार. तोवर मागच्या पंखाखाली अर्ध्या अंशाची शिम (पातळ पाचर) घालून बघणार आहे, झोतात नाक अजून थोडं उठतंय. ५.२ शिडावर कोणी हे करून पाहिलं असेल तर बूमची उंची किती ठेवली तेही कळवा.