चोरी झाली का, हे घरी येऊन विचारणारा देश

इंग्लंडमध्ये क्रिमिनॉलॉजी, म्हणजे गुन्हेशास्त्र, शिकायला येणाऱ्या आपल्या बहुतेक मुलांच्या डोक्यात खुन्याचं बालपण, गुन्हेगाराचं मन, फॉरेन्सिक प्रयोगशाळा असं काहीबाही असतं. पहिल्याच सत्रात पुढ्यात येतो आकड्यांचा तक्ता. गुन्हे मुळात किती झाले, आणि ते मोजले कुणी? हे ठरल्याशिवाय कारणं शोधायची नाहीत आणि उपायही सुचवायचे नाहीत, असा इथला शिरस्ता. या देशातल्या बऱ्याच गोष्टी मला पटत नाहीत, पण ही एक मनापासून आवडली, म्हणून तिच्याबद्दल जरा ऐसपैस लिहितो.

आपल्याकडे मोबाइल मारला गेला की बहुधा ‘गहाळ’ अशी नोंद होते आणि मारहाण झाली की एनसीवर, म्हणजे अदखलपात्र नोंदीवर, भागतं, हे सांगायला नको. तसले प्रकार इथेही होतात. २०१४ मध्ये पोलिसांच्या तपासणी यंत्रणेने नोंदी चाळल्या, तेव्हा लोकांनी कळवलेल्या गुन्ह्यांपैकी शेकडा १९ नोंदलेच गेले नसल्याचा अंदाज निघाला. पण त्याच वर्षी जानेवारीत इथल्या सांख्यिकी प्राधिकरणाने पोलिसी आकड्यांचा ‘राष्ट्रीय आकडेवारी’ हा दर्जाच काढून घेतला होता. हे आकडे विश्वासार्ह नाहीत, असं सरकारी पातळीवर उघड सांगितलं गेलं.

हे सांगण्याची ताकद आली, कारण हातात दुसरा आकडा होता. १९८२ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये गुन्ह्यांचं घरोघरी सर्वेक्षण होतं. पत्त्यांच्या यादीतून घरं निवडतात, त्या घरातल्या १६ किंवा त्याहून जास्त वयाच्या एकाच व्यक्तीला गाठतात आणि गेल्या १२ महिन्यांत काय काय घडलं ते विचारतात. पोलिसांकडे गेलात का, गेला नसाल तर का, हेही विचारतात. घरगुती हिंसेचा भाग आला की मुलाखत घेणारा लॅपटॉप समोरच्याकडे वळवतो आणि उत्तरं ती व्यक्ती स्वतःच भरते. शेजारी बसलेल्या नवऱ्याच्या कानावर काही जात नाही.

या सर्वेक्षणातही भोकं आहेत, आणि ती शिकवली जातात. खून त्यात येत नाही, कारण सांगायला माणूसच उरत नाही. वसतिगृहं, तुरुंग, बेघर माणसं वगळलेली असतात. फसवणूक आणि संगणकाच्या गैरवापराचे प्रश्न २०१५ च्या ऑक्टोबरात घातले, आणि एकूण गुन्ह्यांचा अंदाज जवळजवळ दुप्पट झाला. पण सगळ्यांत मोठी खोट होती पाचच्या मर्यादेची. एकाच व्यक्तीवर तोच गुन्हा वारंवार झाला, तर हिशेबात जास्तीत जास्त पाच घटना धरायच्या, म्हणजे एखाद्या टोकाच्या उत्तराने वर्षाचा आकडा उसळणार नाही. वर्षात चाळीस वेळा मार खाल्लेल्या बाईचे पस्तीस प्रसंग असे पुसले जात. समाजशास्त्रज्ञ सिल्व्हिया वॉल्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा मुद्दा लावून धरला. २०१९ मध्ये पाचाची मर्यादा गेली आणि त्या जागी प्रत्येक गुन्हा प्रकारासाठी ९८ व्या पर्सेंटाइलची मर्यादा आली, म्हणजे झळ बसलेल्या शंभरातल्या अठ्ठ्याण्णव जणांची घटनासंख्या ज्या आकड्याच्या आत बसते, तो आकडा.

हा डेटा विद्यार्थ्यांना हाताळायला मिळतो. एक फाइल व्यक्तींची, दुसरी घटनांची. चुका ठरलेल्या असतात. पहिली म्हणजे भार, म्हणजे नमुन्यातलं एक उत्तर प्रत्यक्षात किती जणांच्या वतीने धरायचं तो गुणक, चुकीचा लावणं. घरफोडी आणि वाहनचोरी हे कुटुंबावरचे गुन्हे, त्यांना कुटुंबाचा भार लागतो. मारहाण आणि लूट यांना व्यक्तीचा. दुसरी चूक म्हणजे किती लोकांना झळ बसली आणि किती घटना घडल्या हे एकच समजणं. झळ बसलेले लोक तेवढेच राहून घटना वाढल्या असतील, तर त्याच त्याच लोकांवर पुन्हा घाव पडतोय, आणि प्रतिबंधाची जागा तिथेच असते.

मँचेस्टरजवळच्या रॉचडेलमधल्या कर्कहोल्ट वसाहतीत १९८०च्या दशकात हेच केलं गेलं. घरफोडी झालेल्या कुटुंबांना, त्यांच्या शेजाऱ्यांना आणि पकडलेल्या चोरांनाही प्रश्न विचारले. एकदा फुटलेलं घर पुन्हा फुटण्याची शक्यता फार जास्त निघाली. शिवाय जवळपास निम्म्या चोऱ्यांमध्ये गॅस-विजेच्या मीटरमधली नाणी गेली होती, कारण मीटर नाणी टाकून चालत आणि पेटी घरातच असे. मग ते मीटर बदलले, फुटलेल्या घरांच्या दारं-खिडक्या मजबूत केल्या आणि आजूबाजूच्या पाच-सहा घरांना लक्ष ठेवायला सांगितलं. तीन वर्षांत घरफोड्या सुमारे ७५ टक्क्यांनी घटल्या. सुरुवात चोराचं मन बदलण्यापासून झाली नव्हती.

आता दुसरी बाजू. ‘तुमच्याकडे असं काहीच नाही का?’ हा प्रश्न इथे ज्या सुरात येतो, तो मला खपत नाही. आपलं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, म्हणजे एनएफएचएस, पाचव्या फेरीत सहा लाखांहून जास्त घरांत गेलं. नवऱ्याकडून होणाऱ्या हिंसेचे प्रश्न घरातल्या एकाच बाईला, आणि एकांत मिळाला तरच विचारायचे, असा त्याचा नियम आहे. १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या बायकांपैकी २९.३ टक्क्यांनी अशी हिंसा सोसल्याचं त्यात सांगितलं. पोलिसी नोंदींवर चालणाऱ्या एनसीआरबीच्या, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या, वार्षिक अहवालातून हे चित्र कधीच उभं राहिलं नसतं. भिवंडीत डीसीपी सुरेश खोपडे यांनी पोलिस आणि दोन्ही धर्मांचे रहिवासी एकत्र बसतील अशा मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या आणि १९९२-९३ मध्ये मुंबई पेटलेली असताना भिवंडी शांत राहिली, ते प्रतिबंधाचं कामच होतं. आणि ज्या इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून आपल्याकडच्या जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या, सोलापूरला तारेच्या कुंपणात माणसं ठेवली, त्यांनी पारध्यांच्या पोरांबद्दल आजही पोलिसांच्या मनात असलेल्या संशयाचं मूळ आधी स्वतःच्या दप्तरात शोधावं.

तरीही चोरी, लूट, छेडछाड यांबद्दल देशभर दरवर्षी घरोघरी विचारणारं सर्वेक्षण आपल्याकडे नाही, ही उणीव खरी आहे. इथली भरमसाट फी भरून ही पद्धत शिकणं मला वाजवी वाटतं ते यासाठीच.

ज्यांचा विचार चालू आहे त्यांनी अर्ज करण्याआधी अभ्यासक्रमाची विषययादी उघडावी. एका वर्षाच्या मास्टर्सला १८० क्रेडिट असतात, त्यांतले साधारण ६० प्रबंधाला जातात. उरलेल्यांत संख्यात्मक पद्धतींचा विषय सक्तीचा आहे का, आर किंवा एसपीएसएस ही आकडेवारीची सॉफ्टवेअरं शिकवतात का, हे पाहावं. या सर्वेक्षणाचा शिकवण्यासाठी छोटा केलेला डेटा यूके डेटा सर्व्हिसवर फुकट मिळतो. तो घरी बसून उतरवा आणि एक-दोन तक्ते स्वतः काढून बघा. तक्ते काढताना रात्र कशी सरली ते कळलं नाही, तर बिनधास्त अर्ज करा. कंटाळा आला तर मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत तुरुंगांशी आणि कैद्यांशी थेट जोडलेला अभ्यास आहे. त्या कामाला माणसं नेहमीच कमी पडतात.