तुम्ही विचारलंत म्हणून: ‘देव एकच’ हे आधी कोण म्हणालं?

हा प्रश्न बहुधा उत्तर सोबत घेऊनच येतो. “एकेश्वरवाद इजिप्तच्या अखेनातेनने काढला आणि यहुद्यांना दहा आज्ञा देणाऱ्या मोशेने तो तिथून उचलला, बरोबर ना?” पहिलं निम्मं खरं आहे. दुसऱ्याला पुरावा नाही, पण मनोविश्लेषक फ्रॉइडने १९३९ साली ती कल्पना पुस्तकात मांडली आणि तेव्हापासून ती हटायचं नाव घेत नाही.

आधी एक कसोटी हाताशी ठेवा. ‘आमचा देव सगळ्यांत मोठा’ हे तर जगातले सगळेच पुजारी म्हणत आले आहेत. बघायचं ते बाकीच्या देवांचं काय होतं. ते मोठ्या देवाचे दरबारी होतात, त्याचीच रूपं ठरतात, की मुळात नव्हतेच असं सांगितलं जातं? फक्त तिसऱ्याला काटेकोर अर्थाने एकेश्वरवाद म्हणायचं. ऋग्वेदातलं ‘एकं सद्विप्रा बहुधा वदन्ति’ दुसऱ्या प्रकारात जातं, कारण इंद्र, मित्र, वरुण, अग्नी ही नावं तिथे पुसली जात नाहीत, एकाला जोडली जातात. आणि गंमत म्हणजे ‘माझ्याखेरीज तुला अन्य देव नसावेत’ ही दहा आज्ञांमधली आज्ञासुद्धा तिसऱ्या प्रकारात नीट बसत नाही. अन्य देव आहेत की नाहीत यावर ती काहीच बोलत नाही. तू त्यांच्या नादी लागू नकोस, एवढंच तिचं म्हणणं.

आता अखेनातेन. इ.स.पू. १३५० च्या आसपास गादीवर आलेला हा राजा मूळचा आमेनहोतेप चौथा. पाचव्या वर्षी त्याने नाव बदललं, आज ज्याला अमार्ना म्हणतात तिथे नवी राजधानी वसवली आणि सूर्यबिंबाची, म्हणजे आतेनची, बिनछपराची मंदिरं उभारली. पुढे छिन्नीवाले कामाला लागले. कर्नाकच्या मंदिरात हातशेप्सूत या आधीच्या राणीच्या उंच स्तंभाच्या टोकापर्यंत चढून त्यांनी आमून (किंवा आमेन) या जुन्या मुख्य देवाचं नाव खरवडलं. राजाच्या स्वतःच्या बापाचं नावही आमेनहोतेप, तर त्यातला ‘आमेन’सुद्धा काही ठिकाणी उडवला. काही शिलालेखांत ‘देव’ या शब्दाचं अनेकवचनच खोडलेलं सापडतं. कसोटी इथे लागू पडते. मात्र अमार्नाच्या कामगारवस्तीत बेस आणि तावेरेत या घरगुती देवतांच्या मूर्ती आणि ताईत मिळाले आहेत. राजाज्ञा उंबऱ्याच्या आत पोचली नव्हती.

सतरा वर्षांच्या राजवटीनंतर सगळं उलटं फिरलं. पुढचा राजा तुतानखातेन, त्याने नावातला आतेन काढून आमून घातला आणि तो तुतानखामून झाला. आतेनच्या मंदिरांचे सुमारे ५२ बाय २६ बाय २४ सेंटिमीटरचे दगड काढून होरेमहेब या नंतरच्या राजाने कर्नाकच्या दरवाजांच्या पोटात भराव म्हणून टाकले. त्यामुळेच ते हजारोंनी टिकले आणि आज वाचता येतात.

मोशेचा धागा जोडणारे आतेनचं मोठं स्तोत्र आणि बायबलमधलं १०४ वं स्तोत्र शेजारी ठेवतात. साम्य आहेच. दोन्हीकडे रात्री सिंह बाहेर पडतात, दोन्हीकडे पाण्यात जहाजं चालतात. पण सिंहाच्या ओळी जरा सावकाश वाचा. इजिप्शियन स्तोत्रात आतेन मावळला की जग मेल्यासारखं अंधारात पडतं आणि त्या अंधारात सिंह निघतात. देव तिथे नसतो. हिब्रू स्तोत्रात अंधार देवच करतो आणि सिंह गर्जना करून त्याच्याकडेच भक्ष्य मागतात. कवीच्या कानावर जुनी प्रतिमा आली असेल, पण तिच्यामागचा देव वेगळा आहे. साम्य दिसलं की उसनवारी झाली असं धरून चालणं ही या विषयातली सगळ्यांत मोठी चूक.

इस्राएलमध्ये कसोटी पूर्ण उतरते ती कितीतरी शतकांनी, तीही पराभवातून. इ.स.पू. ८०० च्या सुमारास सिनाईतल्या कुंतिलेत अज्रूद इथे मोठ्या रांजणावर कुणीतरी ‘शोमरोनचा याहवे आणि त्याची अशेरा’ यांच्या नावाने आशीर्वाद लिहिला होता. याहवे म्हणजे इस्राएलचा देव, शोमरोन ही तिथली राजधानी. अशेरा देवी की तिचा खांब, यावर विद्वान अजून भांडतात. याहवे तिथे एकटा नाही, एवढं नक्की. इ.स.पू. ५८६ च्या सुमारास बाबिलोनने यरुशलेम पाडलं. त्या काळच्या रीतीप्रमाणे नगर पडलं की नगराचा देव हरला. बाबिलोनला नेलेल्या यहुदी निर्वासितांमधल्या काही जणांनी हिशेब उलटा मांडला: आमचा देव हरला नाही, आम्हाला शिक्षा करायला त्यानेच बाबिलोनला पाठवलं. हे एकदा मानलं की बाबिलोनही त्याच्याच हातात आलं, आणि मग बाबिलोनच्या मार्दुक देवाला काही कामच उरत नाही.

इ.स.पू. ५३९ ला इराणच्या कुरुशने बाबिलोन घेतलं. ती एकच घटना दोन ठिकाणी कशी लिहिली गेली ते पाहा. बाबिलोनी मातीच्या दंडगोलावर लिहिलं आहे की मार्दुकने न्यायी राजा शोधला, त्याचा हात धरला, त्याला नावाने हाक मारली. बायबलमधल्या यशयाच्या ४५ व्या अध्यायात याहवे त्याच कुरुशचा उजवा हात धरतो, त्याला नावाने हाक मारतो आणि वर सांगतो, तू मला ओळखत नव्हतास. मीच परमेश्वर, दुसरा कोणी नाही. त्याच्या आधीच्या अध्यायात मूर्तिकाराची खिल्ली आहे: लाकडाच्या एका भागावर भाकर भाजतो आणि उरलेल्याचा देव करून त्याच्या पाया पडतो!

म्हणून सगळे यहुदी एका रात्रीत बदलले असं समजू नका. शंभरहून अधिक वर्षांनी, नाईल नदीतल्या एलेफंटाइन बेटावरच्या यहुदी छावणीने देवासाठी चांदीची वर्गणी काढली, माणशी दोन शेकेल. शेवटी वाटणी अशी: याहोला (म्हणजे याहवेला) १२६ शेकेल, आणि त्याच्या जोडीला इतर दोन देवतांना, एशेम-बेथेलला ७० आणि अनात-बेथेलला १२०. हा जमाखर्च मला कुठल्याही धर्मचर्चेहून बोलका वाटतो.

पारशी धर्माच्या जरथुष्ट्राबद्दलही हटकून विचारलं जातं. त्याच्या गाथांमध्ये, म्हणजे स्तोत्रांमध्ये, अहुर मज्द हा देव सर्वश्रेष्ठ आहे आणि देवांच्या एका जुन्या वर्गाला, दएवांना, झिडकारलं आहे. म्हणजे कसोटीच्या जवळ. पण इराणचा सम्राट दारयवहु याने बेहिस्तूनच्या कड्यावर मदतीबद्दल अहुर मज्दाचं नाव कोरलं ते ‘आणि जे इतर देव आहेत ते’ अशी पुस्ती जोडून. सैतान, पुनरुत्थान, शेवटचा निवाडा हे सगळं इराणकडून आलं असं सांगणाऱ्यांनी हेही सांगावं की ज्या पहलवी (मध्ययुगीन इराणी) ग्रंथांत ते तपशिलाने येतं, त्यांतले बरेचसे इ.स. नवव्या शतकाच्या आसपासचे आहेत.

पुढे रोमला याची खरी अडचण झाली. तिथे नवा देव वाढवायला कुणाची ना नव्हती, जुने नाकारण्याला होती. इ.स. ११२ च्या सुमारास प्रांताधिकारी प्लिनीने सम्राट त्राजानला आपली पद्धत कळवली: ख्रिस्ती असल्याचा आरोप असलेल्याने देवांचा धावा करावा, सम्राटाच्या मूर्तीपुढे धूप आणि द्राक्षारस ठेवावा, ख्रिस्ताला शिव्या द्याव्यात, की सुटला. ख्रिस्ती लोकांवर आरोप नास्तिकतेचा होता! ३८० साली तोच धर्म साम्राज्याचा झाला आणि दहा-बारा वर्षांत जुन्या पूजांवरच बंदी आली. दरम्यान घरातलाच पेच होता, देव एक तर पुत्राचं काय? ३२५ च्या निकेया परिषदेने तोडगा दिला: ‘जन्मलेला, घडवलेला नव्हे’.

त्याला इस्लामने दिलेलं उत्तर ६९६–९७ सालच्या उमय्यद खलिफांच्या दिनारवर, म्हणजे सोन्याच्या नाण्यावर, वाचता येतं. सुमारे ४.२५ ग्रॅम सोनं, चित्र एकही नाही, फक्त अक्षरं. एका बाजूला ‘अल्लाहशिवाय देव नाही, तो एकटा, त्याला भागीदार नाही’. दुसरीकडे कुराणाच्या ११२ व्या सूरेतलं ‘त्याने कुणाला जन्म दिला नाही आणि तो कुणापासून जन्मला नाही’. त्याच्या थोडं आधीच्या अरबी सोन्याच्या नाण्यांवर बायझंटाईन (पूर्व रोमन) नाण्यातला पायऱ्यांवरचा क्रूस अजून आहे, फक्त त्याची आडवी दांडी काढून टाकलेली. पायऱ्यांवर नुसताच खांब उभा आहे.