दोन रुपयाची नोट आणि जास्वंद

स्मरणिकेसाठी चार ओळी लिही असा फोन आला आणि मला एकदम जास्वंदच आठवली. १९७८ ची गोष्ट, आठवीचा वर्ग, शास्त्राच्या सरांनी प्रत्येक बाकावर एक फूल आणि दाढीचं अर्धं ब्लेड ठेवलेलं, म्हणाले उभं चिरा. मी एवढा जोर लावला की बीजांडकोशाचा पार चेंदामेंदा. आता ओरडा खाणार असं वाटलं, तर सरांनी पाकिटातून दोन रुपयाची जुनी नोट काढली, राजाचं चित्र असलेली, आणि म्हणाले खालची सही वाच. सी. डी. देशमुख. "हा माणूस केंब्रिजला बॉटनी शिकत होता, आपल्याच जिल्ह्यातला."

जिल्हा तेव्हा कुलाबाच होता, रायगड नाव नंतर आलं. देशमुखांचा जन्म नाते गावचा, १८९६ चा. मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिले, संस्कृतची शंकरशेट स्कॉलरशिप, मग केंब्रिजला बॉटनी, केमिस्ट्री, जिऑलॉजी आणि १९१७ ला बॉटनीचं फ्रँक स्मार्ट प्राईज. पुढच्याच वर्षी आयसीएसला, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सनदी सेवेच्या परीक्षेला, पहिला नंबर, म्हणजे फुलं तिथेच सुटली. १९४३ ला रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, म्हणून ती नोटेवरची सही, आणि १९५० ला अर्थमंत्री. मी विचारलं सर मग हे इकॉनॉमिक्स कधी शिकले? सर म्हणाले, तू आधी बीजांडकोश नीट काढायला शीक. सगळा वर्ग खिदळला.

पण राजीनाम्यावर आले की सर फूलबिल विसरायचे. १९५२ ला कुलाब्यानेच त्यांना लोकसभेवर पाठवलेलं, आणि १९५६ ला मुंबई महाराष्ट्रापासून तोडून केंद्राच्या ताब्यात द्यायचं ठरलं तेव्हा ह्यांनी मंत्रिपद सोडलं. कॅबिनेटला न विचारता ठरवलंत, मुंबईत आंदोलकांवर झालेल्या गोळीबाराची न्यायालयीन चौकशीही करत नाही, हे त्यांनी लोकसभेत उभं राहून सुनावलं. सर हे सांगताना हातातलं ब्लेड असं काही हलवायचे की पहिला बाक मागे सरकायचा! आपल्याकडे सीडी म्हटलं की लोकांना हा राजीनामाच आठवतो, इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली, आयुर्विमा सरकारकडे आला, तेही ह्यांच्याच काळात हे फार कुणी बोलत नाही. मला सगळ्यात नवल वाटतं ते त्यांनी मेघदूत मराठी पद्यात आणलं ह्याचं, वेळ कधी मिळाला असेल देव जाणे.

आणि गंमत म्हणजे सर हे सांगत होते तेव्हा देशमुख चांगले हयात होते, १९८२ ला गेले. नोटेवर सही म्हणजे माणूस केव्हाच इतिहासजमा असंच आम्ही धरून चाललेलो, पत्र टाकायचं कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

मी पुढे बीएस्सी बॉटनी केलं आणि बँकेत लागलो, कॅशवर. आता रिटायर झालोय. मागच्या वर्षी सरांच्या मुलाकडे गेलो होतो, त्याने सरांची टाचणवही काढून दाखवली. नोट आत होतीच, घडीवर सेलोटेप लावलेली, जास्वंदीच्या उभ्या छेदाच्या पानात, आणि तिच्यामुळे त्या आकृतीवर पिवळा चौकोन उमटलेला.